मशीनची उचकी

आमच्या घरात फेरे व्हायचे ते फक्त तारेचे. बौद्ध धम्माच्या दीक्षेनंतर वस्तीतली लग्नं फेऱ्यांवाचून लागू लागली होती. नवरा-नवरी पांढऱ्या कपड्यांत उभी राहत, वंदना होई, एकमेकांना हार घालून झाले की लोक जेवणाकडे बघू लागत. त्यामुळे फेरे हा शब्द मी लहानपणी ऐकला तो मायच्या तोंडून, आणि तोही तांब्याच्या तारेबद्दल. "फेरे चालू हायेत, दार आपटू नको," असं ती मान न वळवता म्हणायची. पुढे कॉलेजातल्या एका मैत्रिणीच्या लग्नाला गेले होते. मांडवात कुणीतरी "चला, फेरे सुरू झाले" म्हणालं, तर मी सवयीने पंखा बंद करायला उठले.

फेरे चालू असताना पंखा बंद, हा घरचा पहिला नियम होता. तार केसाहून बारीक. वाऱ्याने ती थरथरायची, आणि थरथरली की तुटायची. पाचपावलीतल्या आमच्या दोन खोल्यांपैकी बाहेरच्या खोलीत, खिडकीखाली मशीन होती. मे महिन्यात शेजारीपाजारी वाळ्याच्या ताटीवर पाणी मारून आडवे झालेले असत, तेव्हा अर्ध्या वस्तीचे पंखे दुरुस्त करून देणारं आमचं घर पंखा बंद करून घामाघूम बसलेलं असे. दुसरा नियम हातांचा. रविवारी मटणाचा रस्सा आणि ज्वारीची भाकर खाऊन झाली की हात आधी राखेने, मग साबणाने धुवायचे, मग बाबांना हुंगायला द्यायचे. जवसाच्या चटणीला तर मशीनच्या खोलीत प्रवेशच नव्हता. जवसाचं तेल सुकलं की त्याचा डिंक होतो, असं बाबांचं म्हणणं होतं. ते खरं आहे हे मला फार वर्षांनी एका रंगकामाच्या पुस्तकात वाचायला मिळालं, आणि बाबांविषयीचा आदर उशिरा का होईना थोडा वाढला.

मशीन बाबांनी इतवारीतल्या भंगाराच्या दुकानातून आणली होती, हातगाडीवर, गोणपाटात गुंडाळून. तिच्या अंगावर एक पितळी पट्टी होती, तिच्यावरची अक्षरं घासून गेली होती. बाबांनी ती जर्मन ठरवली. ते मिलच्या इलेक्ट्रिक खात्यात होते, आणि त्या खात्यात चांगल्या मशीनला दुसरा देशच नव्हता. रचना तशी साधी. एका बाजूला फिरणारा दांडा. ज्यावर तार गुंडाळायची ती चौकट त्याच्या टोकाला बसवायची. दुसऱ्या बाजूला तारेचं रीळ. दोहोंच्या मध्ये एक पितळी बोट, त्याला खाच. तार त्या खाचेतून जायची आणि बोट डावीउजवीकडे सरकत तिला चौकटीवर एकसारखी पसरवायचं. बोटाला हलवायचं काम एका लोखंडी चकतीकडे होतं. तिचा आकार पत्त्यांतल्या बदामासारखा, म्हणून तिचं नाव बदाम. मोटर नव्हती. बाबांनी खाली शिलाई मशीनचं पायडल जोडलं होतं.

सुरुवातीला तिच्यावर रेडिओची कामं होत. मग गिटारचे पिकप सुरू झाले. पिकप म्हणजे गिटारच्या तारांखाली बसणारी काडेपेटीएवढी वस्तू. आत लोहचुंबक, त्याच्याभोवती आमच्या बारीक तारेचे हजारो फेरे. वर गिटारची तार हलली की आत वीज हलते आणि भोंग्यातून आवाज होऊन बाहेर पडते. लोहचुंबक बाबा फुटक्या भोंग्यांतून काढायचे. शेवटी पिकप वितळलेल्या मेणात बुडवावा लागे, नाहीतर तो भोंग्याजवळ गेला की शिट्टी मारायचा. मेण विहारातून यायचं. पौर्णिमेच्या वंदनेनंतर मेणबत्त्यांचे उरलेले तुकडे माय पदरात गोळा करून आणायची. एकदा कुणीतरी हरकत घेतली की वंदनेचं मेण धंद्याला कसं वापरता. माय म्हणाली, "जयंतीची गानी याच मेनातून वाजतेत. तुमाले नसन आयकाचं तं कान झाका." हरकत तिथेच संपली.

मशीनची देखभाल हा रविवारचा कार्यक्रम होता. बाबा लुंगीवर बसत, समोर जुना बनियन अंथरत आणि मशीन त्याच्यावर भाग भाग करून मांडत. रॉकेलमध्ये ब्रश बुडवून दात्यांतला मळ काढायचा, शिलाई मशीनचं तेल थेंबाथेंबाने सोडायचं, तार जिथे घासते तिथला नमदा, म्हणजे लोकरीचा जाड तुकडा, बदलायचा. पितळी बोटाच्या खाचेत तारेची रेघ पडायची. ती खोल झाली की तार अडकू लागे, मग बाबा बोट बदलायचे. ही रेघ ते भिंगातून बघत, आणि तिच्यावरून आठवड्यात किती काम झालं ते सांगत. मी त्यांच्यासमोर बसून स्क्रू एका वाटीत जमा करायची. माझ्याकडे त्याहून मोठी जबाबदारी कधी आली नाही, आणि मीही कधी मागितली नाही. माझ्या मांडीवर बहुधा वाचनालयाचं पुस्तक असे.

तर हा बदाम एका बाजूने झिजलेला होता. पितळी बोट सरकत सरकत त्या जागी आलं की अडायचं, आणि मग एकदम पुढे उडी मारायचं. खर्र, खर्र, खर्र, टुक. मायने त्याला उचकी नाव दिलं. तिच्या लेखी उचकीचं कारण एकच. "कोनीतरी आठवन काढून राह्यलं तिची," ती म्हणायची. कोण, तर जर्मनीतली एखादी बाई, आधी हिच्यावर बसत असेल ती. टुक झालं की माय उजव्या हाताची तर्जनी तारेला हळूच लावून तिला त्या खड्ड्यापार न्यायची. हे ती बघून करत नसे. शेजारणीशी बोलताना, मला भाजीला काय आणायचं ते सांगताना, तिचं बोट आपोआप उठायचं आणि बसायचं.

मशीन येण्यापूर्वी माय बिड्या वळायची. मांडीवर सूप, सुपात ओली तेंदूची पानं आणि तंबाखू, आणि घरभर असा वास की माझ्या वह्यांनाही तो लागायचा. दुपारनंतर तिचा खोकला सुरू व्हायचा तो दिवेलागणीपर्यंत. ठेकेदाराचा माणूस बिड्या तपासायला बसायचा आणि नापसंत बिड्या बाजूला फेकायचा. त्यांची मजुरी मिळत नसे आणि त्या परतही मिळत नसत. ठेकेदार त्या स्वतः ओढत असावा असा माझा समज होता. पिकपचं काम वाढलं तसा मायने हा धंदा सोडला. खोकला पुढच्या हिवाळ्यापर्यंत राहिला आणि मग गेला. सूप तिने धुऊन भिंतीवर खिळ्याला टांगलं. मी म्हटलं, देऊन टाक कुणाला. ती म्हणाली, राहू दे. ते सूप खिळ्यावर आहे तोवर घरात सगळं ठीक आहे, असं आम्ही तिघंही न बोलता धरून चाललो होतो.

पिकपचं काम ज्याच्यामुळे वाढलं त्याचं नाव धनराज. त्याच्या दारावर निळ्या रंगात पाटी होती: 'बेंजोसम्राट, गिटारनवाज मास्टर धनराज आणि पार्टी'. सम्राट कुठल्या मुलखाचा ते लिहिलेलं नव्हतं. पार्टी म्हणजे तो, त्याचे दोन मेहुणे आणि एक ढोलकवाला. जयंतीचा महिना, पौर्णिमा, लग्नं, बारशी, सगळीकडे ही मंडळी वाजवत. मास्टर कार्यक्रमाला चमचमता कोट घालून यायचा आणि गाण्याआधी स्वतःची ओळख स्वतःच करून द्यायचा, तीही दुसऱ्या कुणाबद्दल बोलावं तशी. पण त्याचा कान पक्का होता, हे मला कबूल केलंच पाहिजे. त्याच्या गिटारचा आवाज धारदार होता. गर्दीतून, ढोलकातून, लहान मुलांच्या रडण्यातून वाट काढत तो शेवटच्या माणसापर्यंत जायचा. तो आवाज ऐकून काटोल-उमरेडच्या पार्ट्यासुद्धा पिकप मागायला लागल्या, आणि मास्टर ते आमच्याकडून करवून घेऊ लागला. सदर भागातल्या दुकानातले मुंबईचे पिकप त्याला पसंत नव्हते. "त्याईचा आवाज साहेबासारखा हाये, वहिनी," तो मायला सांगायचा. "पोट भरून बोलते."

त्या वर्षी जयंतीच्या आधी मास्टरने एकदम मोठी मागणी आणली. पाच-सहा पार्ट्यांच्या सगळ्या गिटार. बाबांच्या मनाने घेतलं की एवढ्या मोठ्या कामाला अशी उचक्या देणारी मशीन शोभत नाही. माय म्हणाली, चालून तर राहिली. बाबा म्हणाले, चालणं वेगळं आणि नीट चालणं वेगळं. त्यांनी मिलमधून एक लोखंडी तुकडा आणला, कुणा मित्राच्या लेथवर त्याचा ढोबळ आकार करून घेतला, आणि मग घरी कानस घेऊन बसले. आठवडेच्या आठवडे पाळीवरून आले की चहा घेऊन ते बदाम घासायचे. खडू लावून फिरवायचे, जिथे खडू पुसला जाई तिथे आणखी एक हात कानशीचा. घरात लोखंडाचा बारीक भुगा आणि बाबांचं गुणगुणणं. ते एरवी गुणगुणत नसत. खोटं कशाला सांगू, बदाम सुंदर झाला होता. हातात घेतला तर कुठेही बोट अडखळत नव्हतं.

हा बदाम नुसता बसवणं बाबांना बरं वाटेना. त्यांनी उद्घाटन ठेवलं. वस्तीतल्या मंडळाच्या अध्यक्षांना बोलावलं. त्यांना सगळे नुसतं अध्यक्ष म्हणत, त्यांची बायकोसुद्धा. दीक्षेनंतर नारळ बंद झाले होते, पण त्यांच्या जागी फीत आली होती. पायडलपासून खिडकीच्या गजापर्यंत लाल फीत बांधली. कात्री तांब्याची तार कापून कापून बोथट झालेली होती, हे कुणाच्या लक्षात आलं नाही. अध्यक्षांनी फीत एकदा कापली, दोनदा कापली, मग चावली म्हणावी इतकी कापली आणि शेवटी ओढून तोडली. टाळ्या झाल्या. भाषणात त्यांनी बदामाला पिंपळपान म्हटलं, त्याचा संबंध थेट बोधिवृक्षाशी जोडला आणि तिथून पंचवार्षिक योजनेवर गेले. मास्टर धनराज कोट घालून आला होता. खिरीच्या वाट्या फिरल्या. बाबा पुढचा आठवडाभर बदामाला पिंपळपान म्हणत होते. मग पत्ते खेळताना एकदा तोंडातून बदाम निघून गेलं आणि तो विषय मिटला.

नवा बदाम बसला आणि उचकी बंद झाली. खर्र, खर्र, खर्र, आणि पुन्हा खर्र. खोली एकदम परकी वाटू लागली. कुणीतरी घर सोडून गेल्यावर वाटते तशी. तार चौकटीवर अशी बसू लागली की बघत राहावं, एकाला एक चिकटून, रेशमाच्या लडीसारखी. फक्त एक अडचण होती. मायचं बोट. टुक व्हायची वेळ आली की तिची तर्जनी सवयीने उठायची आणि नको तिथे तारेला लागायची, आणि तार तुटायची. एका दुपारी इतक्यांदा तुटली की बाबा म्हणाले, "सगुणा, तू नुसतं पायडल मार. हात लावू नको. आता तिले कोनाची गरज नाही." ते चांगल्या मनाने म्हणाले होते. मायने हात मांडीवर ठेवले. त्यानंतर काम करताना ती शेजारणीशी बोलेनाशी झाली.

पिकप वेळेआधी तयार झाले. मास्टरने ते बघून वाहवा केली, आणि जयंतीपूर्वी त्यांची परीक्षा म्हणून काटोलच्या एका कार्यक्रमाला गिटारमध्ये बसवून नेले. दोन दिवसांनी तो परत आला तेव्हा अंगात कोट नव्हता. हातात पिशवी होती. वर काटोलच्या कुणीतरी दिलेली संत्री, आणि संत्र्यांखाली आमचे पिकप.

"भाऊ, वाईट नका वाटून घेऊ," तो बाबांना म्हणाला. "माल दिसाले एक नंबर हाये. पन गाते तो गोधडीतून."

बाबांनी आधी लोहचुंबकावर संशय घेतला. मग तारेवर. मग मास्टरच्या गिटारवर, मग काटोलच्या विजेवर. मास्टर प्रत्येक गोष्टीला मान हलवत गेला. शेवटी बाबांनी त्याच्या कानावर संशय घेतला, आणि मास्टर उठला. जाताना त्याने सांगितलं की रविवारपर्यंत जुन्यासारखा आवाज मिळाला तर ठीक, नाहीतर तो सदरच्या दुकानात ऑर्डर देईल, साहेबासारखा तर साहेबासारखा. आणि एकदा सगळ्या पार्ट्यांनी तिकडचा माल घेतला की पुढे त्या आमच्याकडे कशाला येतील, हे त्याने सांगितलं नाही. त्याची गरज नव्हती. ताडून बघण्यासाठी एक गिटार आणि लहान भोंगा तेवढा तो ठेवून गेला. संत्री टोपलीत पडून राहिली. बाबांनी एकही सोललं नाही.

त्या आठवड्यात बाबांनी जे जे सुचलं ते केलं. वेगळं मेण, जास्त फेरे, कमी फेरे. जुना बदाम परत बसवून बघावा असं त्यांना सुचलं नाही, आणि सुचलं असतं तरी तो उद्घाटनानंतर भंगारात गेला होता. पिकप बदलत गेले, गोधडी तीच. शनिवारी सकाळी बाबा पाळीला गेले आणि मायने स्टूल ओढून खिळ्यावरचं सूप काढलं. ओल्या फडक्याने ते पुसलं, दोऱ्यांची वीण जिथे सैल होती तिथे बोटाने दाबून बघितली, आणि दारातल्या उन्हात ठेवलं. मी बी.ए.च्या पहिल्या वर्षाला होते आणि जगातल्या बऱ्याच विषयांवर माझी मतं होती. त्या सकाळी एकही उपयोगी पडलं नाही. मी एवढंच विचारलं की पुन्हा बिड्या काहून. ती म्हणाली, "काहून म्हंजे? घर चालते का मुक्या पिकपवर?" आणि खोकली. वास्तविक तेव्हा घरात तंबाखूचं पानही नव्हतं.

दुपारी ती मशीनपाशी बसली. रिळावर थोडी तार उरली होती, ती वाया जाऊ नये एवढाच हेतू. बाबा घरी नव्हते, त्यामुळे तिने हात मांडीवर ठेवले नाहीत. पायडल सुरू झालं, बोट सवयीने उठलं, तार तुटली. तिने ती जोडली. पुन्हा तुटली. मग तिने तार पितळी बोटाच्या खाचेतून काढली आणि स्वतःच्या तर्जनी आणि अंगठ्यातून सोडली. बदाम फिरत होता, पितळी बोट डावीकडे-उजवीकडे जात होतं, पण त्याच्यात तार नव्हती. सभा पांगल्यावरही हात हलवत राहिलेल्या पुढाऱ्यासारखं ते दिसत होतं. तार मायच्या बोटांतून जात होती. आणि ठरावीक वेळाने तिचं बोट झटकन उडी मारत होतं. उचकी मशीनमधून गेली होती, ती मायच्या बोटात राहिली होती.

झालेला पिकप दिसायला भिकार होता. कुठे फुगलेला, कुठे दबलेला, तारा एकमेकींवरून तिरप्या गेलेल्या. तरी मायने तो मेणात बुडवला, कारण मेण वितळलेलंच होतं. संध्याकाळी मास्टर एक दिवस आधीच गिटार न्यायला आला. बाबांची पाळी सुटायची होती. मास्टरने दारातलं सूप बघितलं, मायकडे बघितलं आणि अवघडून काहीतरी करायचं म्हणून तो भिकार पिकप उचलला, गिटारच्या तारांखाली सरकवला, भोंग्याला जोडला. एक तार छेडली. मग तो उभा होता तो खाली बसला. पूर्ण गाणं वाजवलं त्याने, डोळे मिटून, स्वतःची ओळख न करून देता. गल्लीतली पोरं दारात जमली. तो जुनाच आवाज होता, धारदार, ओळखीचा; उलट थोडा आणखी पुढे आलेला.

"हा कोनी केला, वहिनी?"

माय पदराला हात पुसत होती. मशीनकडे तिने पाहिलंही नाही.

"मशीननं केला," ती म्हणाली. "नवा बदाम हाये ना, बसाले वेळ लागला त्याले. आता बसला."

मास्टरने मशीनकडे बघितलं. तुटलेल्या तारेचं टोक अजून खाचेच्या बाहेर लोंबत होतं. मग त्याने मायच्या हाताकडे बघितलं. मी त्याला त्याच्या पाटीवरून, कोटावरून, सम्राटपणावरून फार हसले आहे, आजही हसते. पण त्या दिवशी त्याने जे केलं ते कोट घालणाऱ्या माणसालाच जमण्यासारखं होतं. बाबा सायकलवरून गल्लीत वळले तसा तो रस्त्याच्या मधोमध गेला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "किसनभाऊ, तुमचा बदाम बोलला गा! असा पिकप इकडच्या मुलखात कोनी केला नाही." पोरांनी टाळ्या वाजवल्या. उद्घाटनापेक्षा हा समारंभ चांगला झाला, फितीवाचून. बाबांनी सायकल भिंतीला लावली, आत आले, तो फुगलेला पिकप हातात घेऊन उलटसुलट केला, आणि एक संत्रं सोललं.

ते झोपल्यावर मी मायला हळूच विचारलं की खरं का सांगितलं नाहीस. ती म्हणाली, "खरं सांगतलं तं ते बदाम काढून फेकतीन. एवढे दिवस घासला त्याईनं. मंग काय, मी भोंग्यावरून वाजवू का तुया बापाचा बदाम खोटा हाये म्हनून?" आणि कूस बदलून म्हणाली, "सूप आत आन. दव पडते."

तेव्हापासून बाबा पाळीवर असतानाच पिकप होऊ लागले. सगळ्या पार्ट्यांची कामं वेळेत गेली, पुढची अनेक वर्षं जात राहिली, माझं बी.ए. झालं, ग्रंथालयशास्त्राचं शिक्षण झालं, नोकरी लागली. सूप खिळ्यावरून पुन्हा उतरलं ते तांदूळ निवडायला. बदाम रिकामाच फिरत राहिला. बाबा दर रविवारी तो काढून, रॉकेलने धुऊन, तेल देऊन परत बसवत, आणि भिंगातून खाच बघत. आठवड्यात किती काम झालं ते मात्र ते आता सांगत नसत. मला वाटायचं, वय झालं.

परवा माझ्या नणंदेच्या नातवाने मोबाईलवर मला एक परदेशी माणूस दाखवला. दाढीवाला, कानात बाळी, आमच्या मशीनच्या सख्ख्या बहिणीसमोर बसलेला. तो सांगत होता की तार फार नीट बसली की फेरे एकमेकांना चिकटतात आणि आवाजाची धार मरते. म्हणून तो हाताने, थोडी विस्कटूनच गुंडाळतो, आणि लोक त्याचे जास्त पैसे देतात. त्याला तो आपली कला म्हणत होता. मी म्हटलं, आमच्याकडे याला उचकी म्हणायचे. मुलगा माझ्याकडे बघून पुढचा व्हिडिओ लावू लागला.

हे आत्ताचं. त्याच्या कितीतरी वर्षं आधी मिल बंद पडली, नवी वाद्यं आली, पार्ट्यांनी तयार माल घ्यायला सुरुवात केली. मायच्या डोळ्यांना तार दिसेनाशी झाली आणि मशीनवर चादर आली. त्यानंतरच्या एका रविवारी मी माहेरी गेले होते. माय स्वयंपाकघरात सूप मांडीवर घेऊन तांदूळ निवडत होती. बाहेरच्या खोलीत बाबा लुंगीवर बसलेले, समोर बनियन, त्याच्यावर मशीनचे भाग. मी वाटी घेऊन समोर बसले. बदाम त्यांच्या हातात होता, आणि इतक्या वर्षांनीही तो नवाकोरा चमकत होता. मी म्हटलं, बाबा, आता मशीन चालत नाही, मग तेल कशाला.

त्यांनी बनियनवरून पितळी बोट उचललं आणि भिंगासकट माझ्या हातात दिलं. मी खाच बघितली. स्वच्छ होती. तारेची एक रेघ तिच्यात नव्हती.

"बदाम बोलला ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी बसवलं होतं मी हे बोट," ते म्हणाले. "तेव्हापासून बदलाचं काम नाही पडलं."

आत सुपात तांदूळ सरकल्याचा आवाज येत होता, आणि मध्येच एक छोटा ठोका, सुपाच्या काठावर बोट आपटल्यासारखा. बाबा तो ऐकत होते.

"मायले माहीत हाये का, तुमाले समजलं म्हनून?" मी विचारलं.

"तिले काहून सांगतो? ती म्हनते मशीननं केला. तिची मशीन हाये, तिले माहीत." त्यांनी बदाम जागेवर बसवला, हाताने एक फेरा दिला आणि तेलाची डबी तिरपी केली. एक थेंब सोडला. थोडं थांबून दुसरा सोडला. मी म्हटलं, जास्त होते ते.

"होऊ दे," बाबा म्हणाले. "बिनकामाच्याले तेल जास्त लागते."